साहेबाच्या चिठ्ठीतला गळा

ठाण्याच्या कचेरीसमोर वडाखाली चटई टाकून मी अर्ज लिहीत असे, त्या काळी गावात इंग्रजी येणारी माणसं साडेतीन होती. पहिला कचेरीतला साहेब, दुसरे इंग्रजी शाळेचे हेडमास्तर, तिसरा मी. उरलेलं अर्धं माणूस म्हणजे आमचे शिरस्तेदार; त्यांना इंग्रजी वाचता येई, पण खाली साहेबाची सही दिसली की घाबरून अर्थ विसरत. माझं तसं नव्हतं. मला अर्थ कळला नाही तरी मी घाबरत नसे. एकदा माझा एक अर्ज वाचून साहेब इतका हसला, इतका हसला, की कचेरीच्या कौलांवरची कबुतरं उठून थेट कळव्याच्या पुलावर जाऊन बसली. अर्ज मंजूर झाला. साहेब का हसला, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

असा माझा दबदबा, म्हणूनच तो जवान कोळी माझ्याकडे आला. सरकारी कामाची एक लहानशी आगबोट तेव्हा ठाण्याच्या खाडीत असे. एक दुसरा, बाहेरगावचा साहेब, मापणीवाला, तीत बसून पाण्याची खोली मोजत हिंडायचा. त्या आगबोटीच्या इंजनावर हा गडी. हाताला तेलाचा वास, कपाळावर कोळशाची रेघ, आणि कमरेला पत्र्याची एक नळी बांधलेली. नळीत मेणकापड, मेणकापडात चिठ्ठी.

“रायटरदादा, साहेबानं मना चिठ्ठी दिलीय. बेस दिलीय. देताना पाठीवर थाप मारली.”

मी हात पुढे केला. त्यानं नळी मागे घेतली.

“आता नको. बाळकुमला चला. तिकडंच सगल्यांसमोर वाचा. आधी ऐकली तर गोडी जाईल.”

बाळकुमला एका म्हाताऱ्या तांडेलाची मुलगी होती. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, पण म्हातारा अडून बसला होता. त्याच्या सात पिढ्या जाळ्यावर जगलेल्या. जावई जाळं सोडून इंजनाशी खेळतो, पाण्यावर विस्तव घेऊन फिरतो, हे त्याला पटेना. “तुझा साहेब तुला काय समजतो त्याचा कागद आण, मग साखरपुड्याचं बघू,” असं त्यानं बजावलं होतं. तो कागद आला होता. लग्न अडलं होतं ते एवढ्याशा नळीत.

मी चिठ्ठी आधी बघायचा हट्ट धरायला हवा होता. पण धोतर नवं होतं, होडी तयार होती आणि बाळकुमला कोळंबीचं कालवण शिजतंय असं कानावर आलं होतं. निघालो.

म्हाताऱ्याच्या अंगणात सगळी आळी जमलेली. मधोमध परातीत साखर, तिच्यावर रुमाल. मुलगी उंबऱ्याच्या आत उभी होती, पण अशी, की बाहेरचं एक अक्षर सुटू नये. मी खाकरलो. चिठ्ठी उघडली आणि एक एक वाक्य इंग्रजीत वाचून, लगेच त्याचं खणखणीत मराठी करून सांगू लागलो. पहिली वाक्यं सोपी होती. हा माणूस प्रामाणिक आहे, दारू पीत नाही. म्हाताऱ्याची मान हलली. मग मी पुढचं मराठी केलं. अजून मला ते पाठ आहे:

“घोडबंदरासमोर ती एकदम बेफाम पळू लागली. तिच्या किंकाळ्या दोन्ही काठांवर ऐकू जात होत्या. याने माझ्या हुकमाची वाट न पाहता तत्काळ तिचा गळा दाबला आणि तिला मुकाट्याने धक्क्याला आणली. त्यानंतर तिने कधीही त्रास दिला नाही. तिच्या जातीची कोणीही मी याच्या हाती बिनघोर सोपवीन.”

अंगणात इतकी शांतता पसरली, की परातीतल्या साखरेवर मुंगी चढताना तिच्या पावलांचा आवाज मी ऐकला.

“कुणाचा गळा?” म्हातारा म्हणाला.

“नाव नाही लिहिलेलं. ‘ती’ असं आहे.”

म्हाताऱ्यानं जावयाकडे पाहिलं. “काय रे? बाईमाणसाचा गळा दाबलास?”

तो बिचारा पांढराफटक पडला. त्याला घोडबंदर आठवत होतं, किंकाळ्या आठवत होत्या, साहेबाची थाप आठवत होती. खोटं बोलणं त्याला येतच नव्हतं.

“गला नाय ओ मामा!” तो कळवळून म्हणाला. “देवाशपथ गला नाय. मी तिचा कान पिळला. कान पिळला फकस्त!”

झालं. ‘फकस्त’ या शब्दावर आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि आळीतल्या साऱ्या बायका एकदम बोलू लागल्या. एक आजी तर हातात कोयता घेऊन पुढे आली. ती नारळ फोडायला आणलेल्या कोयत्यासकट सहज पुढे आली होती, पण त्या वेळी तसं वाटलं नाही. म्हाताऱ्यानं परातीवरचा रुमाल नीट केला, परात उचलली आणि आत नेऊन ठेवली.

“पुनवेपर्यंत थांबतो,” तो बाहेर येऊन म्हणाला. “ती कोण होती, हे सांग. नाय सांगितलंस तर कोलशेतचं स्थळ थांबलंय.”

कालवण कुणी वाढलं नाही.

परतीच्या होडीत तो गुडघ्यात मान घालून बसला होता. मी विचारलं, “अरे, पण कान कुणाचा पिळलास?”

“इंजनाचा ओ! पन तिथं मना बोलाया दिलं कुनी? कान असतो ना त्याला, पितळेचा. उजवीकडं पिळला की गप, डावीकडं पिळला की पळतंय. आमी सगलं खलाशी त्याला कानच म्हनतो.”

“मग ती कोण?”

“मना काय ठाव? तुमीच वाचली.”

हे वाक्य माझ्या मनात कुसळासारखं राहिलं. चिठ्ठीत त्या ठिकाणी शब्द होता थ्रॉटल. मी तो कधी कुठल्या अर्जात वापरला नव्हता, पण एका फौजदारी खटल्याच्या कागदात पाहिला होता, आणि तिथे खरोखरच एका माणसानं दुसऱ्याचा गळा आवळला होता. मग इथे काय? एखादा माणूस गळा दाबण्याबद्दल शाबासकीची चिठ्ठी देतो का? आणि गळा दाबलेली बाई पुन्हा त्रास देत नाही, हे काय सांगायला हवं?

दुसऱ्या दिवशी अर्जवाल्यांना उन्हात ताटकळत ठेवून मी हेडमास्तरांच्या घरी गेलो. त्यांच्याकडे विलायतेची डिक्शनरी होती, उशीएवढी जाड. दुपारी ते तिच्यावर डोकं ठेवून निजत असं पोरं म्हणत. त्यांनी चष्मा पुसून पान काढलं.

“थ्रॉटल. गळा दाबणे, श्वास कोंडणे. तुमचं भाषांतर बरोबर आहे.”

“बरोबर आहे हीच पंचाईत आहे, सर.”

त्यांना मौज वाटली. मग ते शब्दाच्या मुळाशी शिरले, आणि एकदा मुळाशी शिरले की त्यांना जेवायला हाक मारूनही उपयोग नसे. “हे पहा, थ्रोट म्हणजे गळा. त्याला शेपटी लावली. इंग्रजीत अशी शेपटी लावली की कधी वस्तू धाकटी होते, कधी काम पुन्हा पुन्हा होतं. म्हणून थ्रॉटल हे नाम घेतलं तर नरडं, लहानसा गळा. आणि क्रियापद घेतलं तर गळ्याशी वारंवार काहीतरी करणं. नक्की कुठल्या वाटेनं आला, याबद्दल पंडितांची खात्री नाही.”

“पण शेपटी लावल्यावर गळा गोंजारणं असा अर्थ का नाही झाला?”

“का व्हावा? आपल्याकडे ‘गळ्यात पडणे’ आणि ‘गळ्याशी येणे’ यांत किती फरक आहे?”

मी घरी जाताना वाटभर गळेच मोजत होतो. मडक्याला गळा. सुरईला गळा. विहिरीवरच्या रहाटाच्या दोरीनं घागरीचा गळा आवळतात, पण घागर ओरडत नाही. तेल्याच्या दुकानात तेलाच्या बुधल्याचा गळा बोटानं दाबून तो धार बारीक करत होता. मी तिथे थांबून इतका वेळ बघत राहिलो की त्यानं विचारलं, “काय हवंय?” मी म्हटलं, “तू आत्ता काय केलंस?” तो म्हणाला, “तेल सोडलं.” मी म्हटलं, “नाही, सोडलं नाहीस, गळा दाबलास.” त्यानं दुकानाची फळी लावून घेतली.

पण डोक्यात एक चुळबुळ सुरू झाली होती. धार दाबायची म्हणजेही गळाच दाबायचा. आगबोटीत काय वाहतं? वाफ. वाफेला गळा असतो का? डिक्शनरीत वाफेचं नाव नव्हतं. चिठ्ठी लिहिणाऱ्या साहेबालाच विचारावं, तर माझा दबदबा खाडीत बुडाला असता; आणि हे सांगू शकेल असा दुसरा माणूस ठाण्यात नव्हता. पण कल्याणला आगगाडीची इंजनं विसावा घेतात आणि त्यांच्याभोवती माणसंही त्यांच्याइतकीच काळी आणि फुसफुसणारी असतात.

पुनवेला तीन दिवस असताना मी कल्याणला गेलो. इंजनांच्या आवारात एक लालबुंद गोरा ड्रायव्हर एका इंजनाच्या पोटाखालून बाहेर येत होता. माणूस असा, की उभा राहिल्यावर इंजन लहान वाटावं. त्यानं हात पुसत मला म्हटलं, “क्या मांगता?”

मी जवानाकडून मागून आणलेल्या चिठ्ठीतलं ते वाक्य दाखवलं आणि विचारलं, “साहेब, ही बाई कोण?”

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग तो असा हसला की मी दोन पावलं मागे सरलो. मला वाटलं बॉयलर फुटला.

“औरत? ये बोट है, बाबू! बोट को, इंजन को, हम लोग ‘शी’ बोलता है. मेरा इंजन भी शी है.” त्यानं इंजनाच्या पोटावर प्रेमानं थाप मारली. “पागल हो गया, शिट्टी अटक गया, चिल्लाया. तुम्हारा आदमी स्टीम बंद किया.”

“मग थ्रॉटल?”

त्यानं मला हाताला धरून वर चढवलं. भट्टीच्या वर एक लांब दांडा होता. “हम लोग इसको रेग्युलेटर बोलता. आगबोटवाला थ्रॉटल बोलता. बॉयलर से स्टीम जिधर जाता है, उधर पाइप का गला है. गला खुला, दौडता. गला बंद, चुप. मरता नहीं.” आणि त्यानं दांडा किंचित हलवला. ते धूड पोटातून हुंकारलं आणि वीतभर पुढे सरकलं. दांडा मागे घेतला, थांबलं. दोन घटका मी तिथे तोंड उघडं टाकून उभा होतो. उतरताना माझ्या नव्या धोतराचा रंग कोणता होता हे फक्त धोब्याला आठवत होतं.

परत येताना मी मनाशी चक्रावत होतो. माणसाच्या गळ्यावरून हा शब्द निघाला, नळाच्या गळ्यात जाऊन बसला, आणि तिथे त्याचा अर्थच पालटला! माणसाचा दाबला तर फाशी, इंजनाचा दाबला तर शाबासकी. डिक्शनरी बिचारी जुन्या जहाजानं विलायतेहून आली. हा अर्थ तिच्या मागून, वाफेवर बसून आला आणि हेडमास्तरांना न भेटता थेट खलाशांकडे गेला. आणि खलाशांनी काय केलं? साहेबाला जिथे गळा दिसला, तिथे त्यांना कान दिसला. वांडपणा करणाऱ्याचा आपण गळा थोडाच धरतो? कान धरतो! कोळ्यांचं भाषांतर माझ्यापेक्षा शहाणं होतं, हे कबूल करायला मला मुंब्रा ते ठाणे एवढा प्रवास लागला.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं बाळकुमला गेलो. मी म्हाताऱ्याला सारं समजावलं. ती म्हणजे बोट. गळा म्हणजे वाफेची वाट. कान म्हणजे तोच गळा. म्हातारा शांतपणे ऐकत होता. मिठागराच्या बांधाला पाणी आत-बाहेर सोडायची फळी असते, तिला तिकडे उघाडी म्हणतात. मी तिचंही उदाहरण दिलं.

“म्हणजे यानं उघाडी लावली?”

“अगदी बरोबर! उघाडी लावली!”

“मग तुझा साहेब ‘उघाडी लावली’ असं का लिहीत नाय?”

मी घाईघाईनं चिठ्ठी पुन्हा उघडली.

“हे बघ रायटर,” म्हातारा म्हणाला, “त्या दिशी तूच वाचलंस, बाई होती. आज तूच सांगतोस, बोट होती. पुनवेला काय होईल, म्हैस?”

तेवढ्यात आतून मुलगी पहिल्यांदाच बोलली. उंबरा ओलांडून सरळ बाहेर आली आणि त्या जवानासमोर उभी राहिली.

“ज्या बाईचा गला दाबलास, ती मना दाखव.”

“पोरी, आत जा,” म्हातारा म्हणाला.

“नाय जात. लगीन माझं हाय. सवत हाय की बोट हाय, ते मी बघीन.”

पुनवेच्या आदल्या दिवशी रविवार होता. मापणीवाला साहेब खडवलीकडे शिकारीला गेलेला. दर रविवारी इंजन साफ करून थोडी वाफ धरून बघायची, हा त्या गड्याचा नेमच होता; फक्त त्या रविवारी त्यानं बोट बाळकुमपर्यंत आणली. म्हातारा, मुलगी आणि मी चढलो. म्हातारा काठाला दोन्ही हातांनी धरून बसला होता. ज्या माणसानं वादळात होडी हाकली, तो एका नळाकडे बघून राम राम म्हणत होता.

बोट खाडीच्या मध्यावर आली. गड्यानं पितळेचा तो कान दाखवला. “हा बघा मामा. यालाच साहेब गला म्हनतो.”

मुलगी वाकून निरखत होती. “उजवीकडं पिळला की?”

“गप.”

“डावीकडं?”

“पळतंय.”

आता खरं तर एवढ्यावर काम संपलं होतं. पण मी कल्याणच्या इंजनावर चढून आलेला माणूस. मला राहवेना. मी म्हटलं, “सरका, मी करून दाखवतो,” आणि ड्रायव्हरनं केला होता तसा झोकात हात टाकला. कल्याणला दांडा होता, इथे कान होता. कल्याणला पुढे-मागे होतं, इथे उजवं-डावं होतं. माझं डावं-उजवं तेवढ्यात इकडचं तिकडे झालं.

बोटीनं उडी मारली. उडी म्हणजे अशी, की मागे खाडीत खड्डा पडला आणि त्यातले मासे हवेत राहिले. माझा हात घसरून शिट्टीच्या दोरीत अडकला आणि ती किंचाळायला लागली. समोर म्हाताऱ्याच्याच डोलीचे खुंट उभे होते. डोल म्हणजे खाडीत खुंटांना बांधलेलं लांबलचक जाळं; त्याची सगळी कमाई त्या खुंटांना टांगलेली.

“अरे खुंट! माझे खुंट!” म्हातारा ओरडला. जावयाकडे वळला. तो एका हातानं माझा हात दोरीतून सोडवत होता आणि त्याचा दुसरा हात कानाशी पोचलाच होता. “अरे बघतोस काय? दाब! तिचा गला दाब! दाब मेल्या, दाब!”

गड्यानं एका हातानं मला बाजूला लोटलं आणि दुसऱ्या हातानं कान पिळला. इंजन गप्प झालं. दुसऱ्या क्षणी कोंडलेली वाफ वरच्या नळीतून फुसकन निघून गेली. बोट घसरत घसरत पहिल्या खुंटापासून हातभर अंतरावर थांबली. म्हाताऱ्यानं हात पुढे करून खुंट चाचपला, शाबूत होता.

मग मुलगी पदर तोंडाशी धरून खुदकन हसली.

“बाबा, एवढ्या मोठ्यानं कुणाचा गला दाबायला सांगत होता? काठावरच्या सगल्यांनी ऐकलं. आता कोयतेवाल्या आजीला काय सांगाल?”

म्हातारा खुंटाकडे बघत राहिला, मग इंजनाकडे, मग जावयाकडे. त्याच्या मिशीत काहीतरी हललं.

“हुकमाची वाट बघितली नाय यानं,” तो म्हणाला. “मी ‘दाब’ म्हनायच्या आधीच हात पोचला होता.”

“साहेबानं तेच लिहिलंय, मामा,” गडी म्हणाला.

“उद्या पुनव. साखर आत झाकून ठेवलीय, मुंग्या लागायच्या आधी वाटू.”

मुलीनं बापाकडे बघितलंही नाही. ती गड्याला म्हणाली, “आणि घरात कान कुणाचा पिळशील?”

“कुणाचाच नाय.”

“मग ये.”

बोट सावकाश बाळकुमच्या काठाला लागली. मी उतरलो तेव्हा म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं आता आभार मानेल. मीही त्याला साजेसा चेहरा केला.

“रायटर, उद्या तूबी ये,” तो म्हणाला. “कालवण जेव, हवं तेवढं जेव. पण काय वाचू नकोस.”